मोठ्या गोठ्यांच्या जागेचा नियम करताय? आधी एवढं हाताशी ठेवा

मसुद्याला हात घालण्याआधी अंतर कुठून कुठपर्यंत मोजायचं ते ठरवा. गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं. ‘गोठ्यापासून घरापर्यंत ५०० मीटर’ एवढंच लिहिलं होतं. गोठा अंतर राखून उभा राहिला आणि स्लरीचं, म्हणजे शेण-मूत्र-पाण्याच्या पातळ लगद्याचं, तळं घरांच्या बाजूला खोदलं गेलं. नियम मोडला म्हणायचीही सोय उरली नाही. वास तळ्यातून आणि गोठ्याची हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्यांतून येतो. मोजणी तळ्याच्या कडेपासून धरा.

वस्त्या, शाळा, विहिरी, ओढे यांचा नकाशा लागतोच.

‘मोठा’ म्हणजे किती, ते आकड्यात लिहा. अमेरिकेच्या संघीय नियमात दुभत्या-भाकड मिळून ७०० गाई, मांसासाठीची १००० जनावरं किंवा २५ किलोवरची २५०० डुकरं झाली की मोठा. आकडा आला की ६९० गाईंचे दोन गोठे शेजारीशेजारी उगवतात, म्हणून एकाच मालकीचे लागून असलेले गोठे एकच धरायचे, हे त्याच कलमात घाला.

शेणाचा हिशेब स्वतः करा, अर्जदाराचा घेऊ नका. मोठी दुभती गाय दिवसाला शेण-मूत्र मिळून साधारण ६० किलो टाकते. १००० गाईंचे रोज ६० टन, तळ्यात १८० दिवस साठवायचं तर १०,८०० टन. घनमीटरही जवळपास तेवढेच. यात धुण्याचं पाणी नाही. वर २५ वर्षांतून एकदा पडणारा २४ तासांचा पाऊस धरा आणि ३० सेंटिमीटर कड मोकळी ठेवा.

ही स्लरी शेवटी शेतात जाते. नत्राच्या (नायट्रोजनच्या) हिशेबाने टाकली तर स्फुरद (फॉस्फरस) पिकाच्या गरजेपेक्षा जास्त पडतं, साठतं आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. जमीन स्फुरदावर मोजा. क्षेत्र वाढतं, अर्जदार कुरकुरतो, कुरकुरू द्या. आणि इथलं अंतर शेताच्या बांधापासून. हो, पुन्हा अंतरच.

विहिरींचे नमुने परवानगीआधी घ्या. नायट्रेटची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. आधीचा आकडा नसेल तर पुढे ८० निघाले तरी ते गोठ्यामुळेच, हे सिद्ध करता येत नाही. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली, बर्फ, आणि २४ तासांत प्रयोगशाळा. भूजलपातळी पाणी सगळ्यात वर असतं तेव्हाची घ्या. चुनखडीच्या खडकात पाणी भेगांतून न गाळताच उतरतं. तिथे मीटर वाढवत बसू नका, जागाच नाकारा.

वाऱ्याची वार्षिक सरासरी फसवते. वारा पडलेल्या रात्री थंड हवा वास घेऊन उताराने खाली येते. उतारावरच्या वस्त्या वेगळ्या तपासा.

नंतर गोठ्याजवळ घर बांधणाऱ्यालाही तेच अंतर लागू का, तेही लिहून टाका.

मेलेली जनावरं, टँकरचा रस्ता, गोठा बंद पडला तर तळं रिकामं करायची अनामत, सुनावणीची नोटीस: एकेक कलम, पुरे.

मसुदा पाठवण्याआधी ‘अंतर’ हा शब्द शोधत शेवटपर्यंत जा. प्रत्येक ठिकाणी दोन्ही टोकं दिसली पाहिजेत. इकडे तळ्याची कड, पंख्याचं तोंड की बांध. तिकडे घराची भिंत की आवाराची हद्द.