350 बुलेटचं 500 करायचं असेल तर

कोल्हापुरात, उद्यमनगरात माझं एंजिन बोअरिंगचं काम आहे. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बॅरलची जुनी बुलेट घेऊन येणाऱ्या पोरांचा प्रश्न ठरलेला: "मामा, हिचं पाचशे होईल का?" होतं. पण बॅरल-पिस्टन बदलला की झालं, असं जे सांगतात त्यावर जाऊ नका. खरा खर्च आणि खरं काम बॅरलच्या खाली आहे.

आधी हिशेब. 350 चा बोअर (बॅरलच्या भोकाचा व्यास) 70 मिमी, स्ट्रोक (पिस्टन वरखाली जातो ते अंतर) 90. दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये घ्या. बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले 0.7854, उत्तर 346 सीसी. 500 चा बोअर 84, स्ट्रोक तोच 90, म्हणून 499. इंग्लंडात रेडिचच्या कारखान्याने 1953 साली 500 बुलेट काढली ती याच मापावर. तुमचाच बॅरल रिबोअर करून, म्हणजे आतून कापून, एक मिमी ओव्हरसाइझ केला तर सीसी होतात 356. रिबोअर झीज काढायला करतात, ताकद वाढवायला नाही.

पाना हातात घ्यायच्या आधी आरटीओ. आरसीवर 346 असताना परवानगीशिवाय मोठं एंजिन रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. 182-अ खाली प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. थर्ड पार्टी विम्याचा गटही 350 सीसीच्या वर बदलतो. न सांगता फिरवली आणि अपघात झाला तर भरपाईचं प्रकरण अंगावर येऊ शकतं. आरटीओत लेखी विचारा. नाही म्हणाले तर कंपनीतूनच 500 म्हणून निघालेली गाडी शोधा. घरच्या माणसालाही मी हेच सांगेन.

परवानगी मिळाली, किंवा गाडी फक्त ट्रॅकवर पळवायची आहे, तर एंजिन फ्रेममधून पूर्ण उतरवा. 84 च्या बॅरलचा खालचा गळा 350 च्या क्रँककेसच्या (बॅरलखालच्या, क्रँक असलेल्या डब्याच्या) तोंडात उतरत नाही, तोंड मोठं करावंच लागतं. माझ्याकडे केसचे दोन भाग सुटे आणले तर मी परत पाठवतो. दोन्ही भाग बोल्टने आवळून एकत्र धरायचे, डायल गेज (बारीक फरक दाखवणारं घड्याळी माप) जुन्या तोंडात फिरवून सेंटर काढायचा आणि मगच टूल लावायचं. सेंटर सरकला तर पिस्टन एका अंगाला घासत राहतो. कापण्याआधी स्टडच्या भोकांपाशी किती भिंत उरते ते व्हर्नियरने मोजा; भिंत पातळ होत असेल तर तिथेच थांबा, केस चिरते. काम झाल्यावर तेलाच्या वाटा डिझेलने धुऊन हवा मारा. एक बुरादा आत राहिला तरी बेअरिंग खाईल.

दुसरी गोष्ट क्रँक. पिस्टन जड झाला की फ्लायव्हीलचं बॅलन्सिंग नव्याने करावंच लागतं, नाहीतर हँडल धरवत नाही. क्रँक उघडलाच आहे तर बिग एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा) बुश काढून रोलर बेअरिंग बसवा. जोडल्यावर क्रँक दोन सेंटरांमध्ये फिरवून बघा. डायल गेजवर 0.05 मिमीच्या वर फरक दिसला तर पुन्हा ट्रू करा.

पिस्टनची क्लिअरन्स (बॅरलशी राहणारी फट) पिस्टनवाल्याच्या कागदावर असते, तीच ठेवा. रिंग नुसती बोअरमध्ये घाला, पिस्टनने ढकलून सरळ करा आणि फिलर गेजने गॅप बघा: 84 च्या बोअरला साधारण 0.33 मिमी. कमी भरला तर बारीक कानस एकाच दिशेने चालवा.

हेड 500 चंच लागतं, व्हॉल्व्हही मोठे. हेड तिरप्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळा. टॅपेट थंड एंजिनवर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला) आणून लावा: पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये.

कार्बोरेटर 24 मिमीचा मिककार्ब काढून 28 मिमीचा. मेन जेट आधी मोठाच ठेवा आणि प्लग बघत खाली या. बिस्किटाचा रंग आला की बरोबर. पांढरा दिसला तर लगेच थांबा, पिस्टन जळेल. क्लचला जादा प्लेट घाला. आणि पुढचा ब्रेक ट्विन लीडिंग शूचा (दोन्ही शू जोराने धरणारा) करा, 350 चा ड्रम या वेगाला पुरत नाही. ब्रेकसाठी पैसे उरणार नसतील तर एंजिनलाही हात लावू नका.

पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झाली की हेड पुन्हा आवळा. पहिले 500 किमी ताशी पन्नासच्या आत, पण टॉप गिअरला घुसमटवत नाही. चढ आला की गिअर खाली. 300 किमीला ऑइल काढा आणि तळाशी चुंबक फिरवून बघा. बारीक राखाडी पूड ठीक आहे. चकचकीत कपची मिळाली तर एंजिन पुन्हा उघडायचं.