बर्फाच्या ठिगळाखाली

भूरूपशास्त्राच्या पहिल्या फील्डवर्कला मला हिमनदी हवी होती. वाट्याला आली ती उन्हाळा सरत आला तरी उतारावर टिकून राहिलेली बर्फाची ठिगळं. हलत नाहीत, वाहत नाहीत. मी पार हिरमुसलो. पण अशा ठिगळांपाशी होणाऱ्या झिजेला १९०० साली भूवैज्ञानिक फ्रांस्वा मॅथेस यांनी वायोमिंगमधल्या बिगहॉर्न पर्वताचा अभ्यास करताना ‘निव्हेशन’ असं नाव दिलं, आणि तिच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

पुस्तकी उत्तर सगळ्यांना पाठ असतं: फटीतलं पाणी गोठतं, सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं, खडक फुटतो. मीही अहवालात तेवढंच लिहून मोकळा झालो. मार्गदर्शकांनी विचारलं, “बर्फाखालचं तापमान मोजलंस?” पुढच्या वर्षी बर्फ पडण्याआधीच तापमान नोंदवणारी यंत्रं पुरून ठेवली. आलेख शून्याला चिकटलेला, जवळजवळ सपाट! जाड बर्फ म्हणजे गोधडी. दिवस-रात्रीचा फरक खाली पोचतच नाही. गोठण्या-वितळण्याचा खेळ चालतो कडेला, आणि कड मागे सरकेल तशी त्याची जागाही सरकते.

खालचं काम पाण्याचं. ते झिरपत राहतं, खनिजं विरघळवतं, बारीक कण वाहून नेतं, भिजलेली माती उताराने सरकू लागते. भूरूपशास्त्रज्ञ कॉलिन थॉर्न यांनी १९७०च्या दशकात कोलोरॅडोत मोजमापं घेतली, तेव्हा रासायनिक विदारण (पाण्यातल्या रासायनिक क्रियेने खडक झिजणं) आणि गाळाची वाहतूक वाढलेली आढळली. गोठण-वितळणीला मात्र तसा दुजोरा मिळाला नाही. म्हणून प्रबंधात नुसतं ‘निव्हेशनमुळे’ लिहू नका. नेमकी कोणती प्रक्रिया, ते लिहा.

या झिजेने ठिगळाखाली पडलेला खळगा खोल झाला की त्यात जास्त बर्फ साठतो, आणि जास्त बर्फ तो खळगा आणखी रुंदावतो, हे पटतं. त्यातूनच पुढे हिमगव्हर, म्हणजे डोंगरउतारात कोरलेला मोठा वाडग्यासारखा खोलगट भाग, घडतं, हे मला तितकंसं पटत नाही. त्याला वाहतं हिम लागतं.

जागेवर गेलात की आधी दगडफूल शोधा. जिथे बर्फ उशिरापर्यंत पडून असतो तिथले खडक बहुधा उघडेबोडके असतात, ती सीमा लगेच दिसते. ठिगळाच्या पायथ्याशी दगडांचा बांध असेल तर त्याला घाईने हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला ढीग, म्हणू नका. वरच्या कड्यावरून सुटलेले दगड बर्फावरून घसरत येऊनही तिथे साचतात. आणि बर्फाच्या कडेवर पाय देऊ नका. खालून पाण्याने ती पोखरलेली असते, मी कमरेपर्यंत आत गेलो आहे.