नालबंदासमोर मोठा घोडा स्वस्थ उभा राहत नाही? या चुका टाळा

खांद्याशी सव्वापाच फूट उंच, साडेपाचशे किलोचा घोडा पाय हिसकायला लागला की ताकदीने त्याच्याशी कुणीच जिंकत नाही. तरी आधी आवाज चढतो, मग दोरी आवळली जाते. असा घोडा बहुतेकदा खोडसाळ नसतो. त्याचा तोल जात असतो, कुठेतरी दुखत असतं किंवा तो बुजलेला असतो.

सगळ्यात जास्त नडते ती पाय उंच आणि बाहेर ओढायची सवय. पुढचा पाय गुडघ्यात सरळ मागे मुडपतो, बाजूला फारसा जातच नाही. आपल्या कंबरेच्या सोयीसाठी तो बाहेर ओढला की खांद्यावर ताण येतो. पाय घोड्याच्या अंगाखालीच ठेवा, वाकायचं ते माणसाने. मागचा पाय उचलल्यावर घोडा आधी तो पोटाकडे आखडून घेतो. तेवढा क्षण जाऊ द्या. पाय सैल पडला की हळूच मागे घ्या, जमिनीपासून जमेल तितका खाली. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या घोड्याला तर याशिवाय उभंच राहता येत नाही.

घोडा अंगावर रेलला तर त्याचं वजन पेलत बसू नका. पाय थोडा खाली सोडा, तो स्वतःला सावरेल. दर दोन-तीन मिनिटांनी पाय आपणहून खाली ठेवा. हिसका दिल्यावरच सुटका होते, हे त्याच्या एकदा लक्षात आलं की पुढच्या वेळी तो पहिल्यापासूनच हिसके देतो.

म्होरकी धरणारा मोतद्दार नालबंदाच्याच बाजूला हवा. घोडा बिथरला की डोकं आपल्याकडे वळवायचं, म्हणजे मागचा भाग नालबंदापासून दूर जातो. दोरी हाताला गुंडाळणं मात्र कटाक्षाने टाळा.

एखाद्या ठरावीक खिळ्यालाच घोडा दचकला तर तो खिळा लगेच काढा, आतल्या नाजूक भागाला लागलेला असू शकतो. डॉक्टरांना कळवा. घोड्यांना धनुर्वात फार पटकन होतो, त्यामुळे लस चुकवू नका.

पुण्यात रेसकोर्सचा हंगाम नेमका पावसाळ्यात. ओल्या लिदीत उभं राहून खुराच्या तळाची खाच कुजते, काळपट घाण येते, वास मारतो. तिथे चाकू टेकताच घोडा पाय ओढणारच! आधी ती जागा साफ आणि कोरडी करा, माशांचाही बंदोबस्त करा.

गणपतीच्या आधी ढोलपथकांचा सराव संध्याकाळी रंगतो. तबेला जवळ असेल तर खुरांचं काम सकाळी उरका. त्याआधी घोड्याला थोडं फिरवून आणा आणि त्याचा सोबती नजरेसमोर बांधा. एवढं करूनही तो उभा राहत नसेल तर काम थांबवा. गुंगीचं इंजेक्शन द्यायचं की नाही, ते फक्त पशुवैद्यांनी ठरवायचं.