नोडलची माळ गळ्यात पडली? आधी आठवडाभर खिडकीवर बसा

"मॅडम, तुम्ही नव्या पिढीच्या, तुम्हाला कॉम्प्युटर येतो." एवढ्या भांडवलावर आमच्या उपजिल्हा रुग्णालयात रुग्णांच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायच्या कामाची नोडल, म्हणजे जबाबदार अधिकारी, म्हणून माझी ऑर्डर निघाली. सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडवर आलेली एमबीबीएस मी, ओपीडी आणि नाइट ड्यूटी सांभाळून हे करायचं. त्याला दोन वर्षं होऊन गेली, तरी सोमवारी सकाळी स्क्रीनवर चकती फिरायला लागली की पोटात गोळा येतो.

यूपीएसची बॅटरी, इंटरनेटची बोंब, कंत्राटी ऑपरेटरचा थकलेला पगार, हे तुम्हाला माहीतच आहे. मला सांगायचंय ते केसपेपरच्या खिडकीबद्दल, कारण मी तिथेच आपटले. तुमच्याकडे रुग्णालयाचं सॉफ्टवेअर म्हणून एनआयसीचं ई-हॉस्पिटल असो, सी-डॅकचं ई-सुश्रुत असो की आणखी काही, हा खड्डा सगळीकडे आहे.

एका रुग्णाला एकच यूएचआयडी, म्हणजे कायमचा ओळख नंबर, आणि त्याच नंबराला त्याचे सगळे रिपोर्ट चिकटणार. ट्रेनिंगमध्ये हे ऐकून आपण माना डोलावतो. आता खिडकीवर या. रांग दाराबाहेर, जुना केसपेपर घरी राहिलेला. नाव शोधायचं तर ज्ञानेश्वर 'डी'ने की 'जी'ने? वाघमारे 'डब्ल्यू'ने की 'व्ही'ने? जन्मतारीख विचारली तर निम्म्या तालुक्याची १ जून, गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली. मोबाइल नंबर टाकला तर घरातली पाच माणसं त्याच नंबरावर. मागून ढकलाढकली सुरू. ऑपरेटर मग सरळ 'नवीन नोंदणी' दाबतो आणि मोकळा होतो. त्याच्यावर ओरडू नका, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

हे सगळं निस्तरायला मी येते, तेव्हा उशीर झालेला असतो. एक बाई, पहिलटकरीण, सासर-माहेर दोन्ही आमच्याच तालुक्यात. तिसऱ्या महिन्यात सासूबरोबर आली, नोंद सासरच्या नावाने. आठव्यात आईबरोबर आली, आईने माहेरचं नाव सांगितलं. कळा सुरू झाल्यावर मध्यरात्री आली, तेव्हा कॅज्युअल्टीत तिसरी नोंद. रक्तगट ओ निगेटिव्ह, पण तो पहिल्या नंबराखाली. आमच्यासमोरच्या रेकॉर्डमध्ये रक्तगटाचा रकाना रिकामा. आई म्हणाली, "सगळं रक्त तपासलंय इथंच." आम्ही म्हटलं, मग कॉम्प्युटरमध्ये असेल. नमुना पुन्हा पाठवलाच नाही. पूर्वी कागदच होता तेव्हा रिकामा रकाना दिसला की आम्ही लगेच रक्त काढायचो. कॉम्प्युटर आल्यावर 'कुठेतरी असेल' असं म्हणायला शिकलो.

आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर आईला अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायचं असतं, नाहीतर पुढच्या बाळाला धोका. तिसऱ्या दिवशी सासू डिंकाचे लाडू घेऊन आली, त्याच पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड होतं. सिस्टरने ते सहज चाळलं, त्यावर रक्तगट दिसला आणि ती धावत माझ्याकडे आली. बाळाचा गट तपासला तर पॉझिटिव्ह. इंजेक्शन वेळेत गेलं, थोडक्यात निभावलं. पण श्रेय त्या पिशवीचं, माझ्या सिस्टिमचं नाही.

त्यावर मी केलं ते आणखी वाईट. त्या रात्री झपाटल्यासारखी बसून डुप्लिकेट नोंदी एकमेकींना जोडत सुटले. नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच, वय एका वर्षाने इकडेतिकडे, जोडा! त्यातल्या दोघी चुलत जावा निघाल्या. एकीची शुगर दुसरीच्या नावावर चढली आणि ते वेगळं करायला आठवडा गेला. एका माणसाच्या दोन नोंदी राहिल्या तर माहिती लपते. दोन माणसांची एक नोंद झाली तर माहिती खोटी होते, आणि ती कुणाला खोटी वाटतही नाही. म्हणून माणूस समोर असल्याशिवाय नोंदी जोडायच्या नाहीत. साहेब कितीही म्हणोत, "आकडा स्वच्छ करून पाठवा."

घाबरू नका, हे सुधारतं. आम्ही पहिल्यांदा प्रश्न बदलला. "आधी आला होता का?" विचारलं की लोक "नाही" म्हणतात, जुना कागद आणला नाही म्हणून बोलणी बसतील या भीतीने. "मागच्या वेळी कशासाठी आला होता?" विचारलं की सगळं सांगतात. गरोदर बाईच्या माता-बाल कार्डावर यूएचआयडीचा स्टिकर चिकटवतो. 'बेबी ऑफ अमुक' म्हणून नोंदलेलं बाळ बारशानंतर नवं नाव घेऊन लसीला येतं, तेव्हा आईचा नंबर आधी विचारतो. आणि आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातं? त्याचा १४ अंकी नंबर कामाचा आहे, पण रांगेत तो काढत बसू नका. आधारचा ओटीपी चाकणला कामाला असलेल्या मुलाच्या फोनवर जातो आणि मुलगा असतो शिफ्टमध्ये. बाकावर निवांत बसवून करा.

२६ जानेवारीच्या मुहूर्तावर सगळे विभाग एकदम ऑनलाइन करू म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. नोंदणी आणि लॅब, एवढंच आधी. लॅबचा रिपोर्ट ओपीडीत स्क्रीनवर दिसला की आमचे कुरकुरणारे फिजिशियनसुद्धा लॉगिन मागायला आले. सगळ्या वॉर्डाला मिळून एकच पासवर्ड, हा शॉर्टकट मात्र अजिबात नको. इंजेक्शन कुणी दिलं, हे विचारायची वेळ येतेच.

गुरू म्हणाल, तर दोन दिवस पीपीटी दाखवून जाणारे ट्रेनर गुरू नव्हेत. बाह्मनी नावाची रुग्णालयाची कॉम्प्युटर प्रणाली छत्तीसगडच्या गनियारीतल्या जनस्वास्थ्य सहयोगच्या दवाखान्यात, प्रत्यक्ष रुग्णांच्या गर्दीत आकाराला आली. सगळ्यांना तसं नशीब कुठलं! आमचे गुरू रेकॉर्ड रूमचे बाबू, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. तालुक्यातली कोणती भावकी कोणत्या गावात, हे त्यांना तोंडपाठ. त्यांनीच स्पेलिंगचा तक्ता केला: ज्ञानेश्वर 'डी'ने, वाघमारे 'डब्ल्यू'ने, कुठलंही नाव आलं तरी एकच स्पेलिंग. तो दोन्ही खिडक्यांवर मॉनिटरशेजारी चिकटवलाय. तुम्हीही करा, फक्त लॅमिनेट करून घ्या. आमचा पहिला चहात गेला.