रिमाइंडर वाजेल तेव्हा हात मोकळे हवेत

"कॅलेंडरमध्ये टाकलं होतं हो, वाजलंसुद्धा, पण तेव्हा मी गाडी चालवत होतो." कार्यालयात इतरांची वेळापत्रकं सांभाळणं हे माझं काम, त्यामुळे या वाक्याचे सगळे प्रकार मला पाठ आहेत. कधी गाडीच्या जागी बैठक असते, कधी झोप. नोंद असते, तारीख बरोबर असते, रिमाइंडरही वेळेवर वाजतो. फक्त अशा वेळी वाजतो की माणसाला काही करता येत नाही. म्हणून कोणाला कॅलेंडर लावून देताना मी आधी एकच विचारते: हा वाजेल तेव्हा तुम्ही कुठे असाल आणि हातात काय असेल?

मायक्रोसॉफ्टचं आउटलुक नव्या नोंदीला आपणहून 15 मिनिटं आधीचा रिमाइंडर लावतं. शेजारच्या खोलीतल्या बैठकीला तेवढं पुरतं. पण शुल्क भरण्याच्या शेवटच्या दिवशी, मुदत संपायला 15 मिनिटं असताना वाजलेला रिमाइंडर म्हणजे नुसती धावपळ. त्यामुळे ॲपने दिलेली वेळ तशीच ठेवू नका. बाहेर जायचं असेल तर निघायच्या वेळेवरून मागे मोजा, आणि चप्पल घालण्याच्या नाही, तयारीला लागण्याच्या वेळी वाजू द्या. घरी संगणकासमोर बसून करायचं काम असेल तर रिमाइंडर संध्याकाळी, बसायच्या वेळेला. फोन करायचा असेल तर समोरचा उचलेल अशा वेळेला. त्या कार्यालयाची खिडकी पाचला बंद होत असेल तर सहाचा रिमाइंडर काय कामाचा?

लांबच्या मुदतींचं गणित वेगळं. पासपोर्टचं उदाहरण घ्या. प्रवासाच्या वेळी पासपोर्ट आणखी सहा महिने वैध असावा, अशी अट कित्येक देश घालतात. म्हणजे पासपोर्टवर छापलेली शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून भागत नाही. तो व्यवहारात त्याच्या आधीच निकामी होतो. मी संपण्याच्या तारखेला एक नोंद ठेवते आणि वर्षभर आधीच्या एखाद्या निवांत दिवशी दुसरी: "पासपोर्ट नूतनीकरणाचा अर्ज सुरू कर." दोन वेगळ्या नोंदी का? कारण गूगल कॅलेंडरमध्ये एका नोंदीचा रिमाइंडर फार तर चार आठवडे आधीचा लावता येतो. एका नोंदीला पाच रिमाइंडर चालतात, पण ते सगळे त्याच चार आठवड्यांत बसवावे लागतात. डोमेनचं नाव (वेबसाइटचा पत्ता), वाहन परवाना, एखाद्या सेवेची फुकट मुदत, या सगळ्यांना हीच पद्धत लावा: संपण्याची नोंद निराळी, हालचाल करायची नोंद निराळी.

नोंदीत काय लिहायचं

"विमा." एवढंच लिहिलेल्या नोंदी मी खूप पाहिल्या आहेत. विम्याचं काय? हप्ता भरायचा, कागद शोधायचा, की एजंटला फोन करायचा? नोंद करताना सगळं आठवत असतं, तीन महिन्यांनी काही आठवत नाही. "विम्याचा हप्ता भर, पॉलिसी निळ्या फाइलमध्ये" असं लिहा. महत्त्वाचे शब्द सुरुवातीला, कारण लॉक झालेल्या पडद्यावर लांब ओळ तुटते. लिंक, फोन नंबर, अर्ज क्रमांक तपशिलाच्या रकान्यात टाका, म्हणजे रिमाइंडर उघडला की तिथूनच काम सुरू होतं. पासवर्ड मात्र तिथे नको.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. नोंदीचं नाव तुम्हीच वाचाल असं नाही. सादरीकरण चालू असताना संगणकाच्या कोपऱ्यात "त्वचारोग तज्ज्ञ, साडेचार" असं उगवतं आणि अख्खी खोली ते वाचते. खाजगी गोष्टींना साधं नाव द्या, किंवा लॉक पडद्यावर मजकूर लपवण्याची सेटिंग चालू करा.

भेट, टास्क की अलार्म

हे तीन प्रकार लोक एकमेकांच्या जागी वापरतात आणि मग कॅलेंडरला नावं ठेवतात. भेट किंवा बैठक ही ठरलेल्या वेळी होते आणि वेळ गेली की संपते. कॅलेंडर तिला मागे टाकून पुढे जातं. तुम्ही गेलात की नाही, याची त्याला फिकीर नसते. बिल भरणं, पत्र पाठवणं ही कामं पूर्ण होईपर्यंत समोर राहायला हवीत. त्यांची जागा टास्कमध्ये. टिक करेपर्यंत टास्क उरतं. गूगलने 2023 मध्ये आपले जुने रिमाइंडर टास्कमध्येच विलीन केले. आयफोनवर रिमाइंडर्स हे वेगळं ॲप आहे. 2024 च्या आयओएस 18 पासून त्यातल्या तारीख असलेल्या गोष्टी कॅलेंडरमध्येही दिसतात.

औषधासारखी गोष्ट, जिथे अमुक वाजता म्हणजे अमुक वाजताच, ती कॅलेंडरवर सोडू नका. फोन सायलेंट असला की कॅलेंडरचं नोटिफिकेशन गप्प बसतं. घड्याळाच्या ॲपमधला अलार्म आयफोनवर सायलेंटमध्येही वाजतो, आणि अँड्रॉइडवर अलार्मचा आवाज रिंगच्या आवाजापासून वेगळा असतो.

काही कामांना तर वेळच नसते, प्रसंग असतो. "ती भेटली की पुस्तक परत द्यायचं", "कार्यालयातून निघताना चार्जर उचलायचा". आइनस्टाइन आणि मॅकडॅनियल या मानसशास्त्रज्ञांनी (भौतिकशास्त्रातले ते आइनस्टाइन नव्हेत) 1990 मध्ये हा फरक मांडला होता: एक आठवण वेळेवर बेतलेली, दुसरी घटनेवर. आयफोनच्या रिमाइंडर्समध्ये दुसऱ्या प्रकाराची छान सोय आहे. ठरावीक जागी पोहोचल्यावर, तिथून निघाल्यावर किंवा एखाद्या व्यक्तीला संदेश पाठवताना रिमाइंडर दाखवता येतो. "संध्याकाळी सहा" असं लावलं आणि तुम्ही साडेपाचलाच निघालात तर चार्जर टेबलावरच राहणार. निघण्यालाच जोडलं तर प्रश्न मिटतो.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदी

मला सर्वांत जास्त दुरुस्त्या इथे कराव्या लागतात. दर महिन्याच्या 31 तारखेला रिमाइंडर लावला तर काय होईल? बहुतेक कॅलेंडर आयकॅलेंडर या मानकाच्या आधारावर एकमेकांशी बोलतात. ते 1998 मध्ये आलं, 2009 मध्ये सुधारलं गेलं, आणि आमंत्रणासोबत येणारी आयसीएस फाइल त्याचीच. त्याचा नियम असा की अस्तित्वात नसलेली तारीख सरळ गाळायची. म्हणजे फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबरात तुमचा रिमाइंडर येणारच नाही, आणि आला नाही हे कळणारही नाही. आउटलुक अशा महिन्यांत शेवटचा दिवस धरतं, गूगल गाळतं. 29 फेब्रुवारीच्या वाढदिवसाचंही तसंच.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी हमखास वाजायला हवं असेल तर एक युक्ती आहे. नोंद पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला दिवसभराची करा, दरमहा पुन्हा येणारी, आणि रिमाइंडर लावा "एक दिवस आधी, सकाळी नऊ". महिना 28 चा असो की 31 चा, तो शेवटच्याच दिवशी वाजतो. दिवसभराच्या नोंदींना रिमाइंडरची वेळ स्वतः ठरवून द्यायची सवय लावा, नाहीतर तो ॲपच्या मर्जीने कधीही वाजेल.

दुसरी गफलत "दर तीन महिन्यांनी"ची. पाण्याच्या गाळणीचा फिल्टर तुम्ही तीन आठवडे उशिरा बदललात, तरी कॅलेंडर पुढची तारीख जुन्याच हिशेबाने दाखवणार. मागच्या वेळेपासून मोजायच्या कामांना पुनरावृत्ती लावूच नका. काम झालं की तीच नोंद उचलून तीन महिने पुढे सरकवा. आणि पुनरावृत्तीला शेवटची तारीख द्या. बारा वर्गांचा अभ्यासक्रम असेल तर बारा वेळा, संपलं. संपलेल्या गोष्टी दर मंगळवारी वाजत राहिल्या की माणूस मंगळवारचं सगळंच न वाचता सरकवायला शिकतो.

हे सरकवणं फार वाईट. रुग्णालयांत यंत्रं इतकी वाजतात की कर्मचाऱ्यांचे कान त्यांना सरावतात आणि खरा इशाराही निसटतो. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या मान्यता देणाऱ्या संस्थेने 2013 मध्ये याबद्दल खास इशारा काढला होता. आपल्या फोनवर जीव पणाला लागलेला नसतो, पण मेंदू तोच. सदस्यत्व घेतलेल्या कॅलेंडरांचे, सुट्ट्यांचे, ओळखीतल्या सगळ्या वाढदिवसांचे आवाज बंद करा; दिसले तरी पुरे. एखादा रिमाइंडर तुम्ही पुन्हा पुन्हा न करताच बाजूला सारत असाल तर त्याची वेळ तरी चुकली आहे, किंवा ते काम तुम्हाला करायचंच नाही. दोन्हीत स्नूझ हा उपाय नाही. वेळ बदला नाहीतर नोंद पुसा.

दुसऱ्यांसोबतचं कॅलेंडर

घरात किंवा कार्यालयात सामायिक कॅलेंडर असलं की सगळे निर्धास्त होतात. गूगल कॅलेंडरमध्ये नोंद सगळ्यांना दिसते, पण रिमाइंडर ज्याचा त्याचा असतो. मी माझ्यासाठी एक तास आधीचा लावला म्हणून तुमचा फोन वाजणार नाही. प्रत्येकाने आपल्या फोनवर त्या कॅलेंडरची नोटिफिकेशन सेटिंग एकदा उघडून पाहावी. शिवाय नोंदीच्या नावात काम कोणाचं ते लिहा. "गॅलरीचं दार दुरुस्ती" अशी नोंद चौघांना दिसली तर चौघेही दुसऱ्याची वाट पाहतात.

परदेशातल्या लोकांसोबत दर आठवड्याची बैठक असेल तर मार्चमध्ये सावध राहा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत दोघांमधला फरक एका तासाने बदलतो. ज्यांची वेळ कायम ठेवायची त्यांचा टाइम झोन नोंदीला द्या, बाकीचं कॅलेंडर सांभाळतं.

वाजतच नसेल तर

अँड्रॉइड 13 पासून नव्याने घेतलेल्या ॲपला नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते, आणि घाईत "नको"वर बोट पडतं. आधी ते पाहा. मग बॅटरी वाचवण्याची सेटिंग, कारण काही फोन मागे चालणारी ॲप झोपवतात. मग सिंक, म्हणजे सगळ्या उपकरणांवर एकच नोंद पोहोचवणारी सोय, चालू आहे का आणि नोंद योग्य खात्यात आहे का. आयफोनवर फोकस (नोटिफिकेशन अडवून ठेवणारी सोय) आणि नोटिफिकेशनचा ठरावीक वेळी येणारा सारांश, हे दोन पाहा. कॅलेंडर सारांशात टाकलं असेल तर दहाच्या बैठकीची आठवण संध्याकाळी येऊ शकते. एसएमएसची वाट पाहत असाल तर सोडून द्या, गूगल कॅलेंडरने ती सोय 2019 च्या जानेवारीत बंद केली.

फोन, संगणक आणि मनगटावरचं घड्याळ तिन्ही एकदम वाजत असतील तर जे उपकरण सतत अंगावर असतं ते ठेवा, बाकीचे गप्प करा. नवीन फोन घेतलात किंवा मोठं अपडेट आलं की पाच मिनिटांनंतरची एक खोटी नोंद करा, फोन लॉक करून बाजूला ठेवा, आणि तिचा आवाज येतो का ते ऐका.