रेस्क्यू केलेलं छोटं कुत्रं घरी आणताय? या चुका टाळा

पहिल्या आठवड्यात येणारा फोन कौतुकाचा असतो. "ताई, लय गरीब आहे जी हे. आवाज नाही, त्रास नाही, कोपऱ्यात बसून राहते." तीन आठवड्यांनी त्याच घरातून पुन्हा फोन येतो. "आता सोफ्याजवळ गेलं की गुरगुरून राहिलं. वापस घेऊन जाता का?"

काही वर्षांपासून मी नागपुरात लहान चणीची कुत्री फोस्टर करते, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत माझ्याकडे सांभाळते. कुणी सोडून दिलेली पॉमेरेनियन (पॉम) असतात, कधी नाल्याकाठी सापडलेली गावठी पिल्लं. दत्तक दिलेली जी परत येतात, त्यांतली बहुतेक स्वभावामुळे येत नाहीत. पहिल्या पंधरवड्यात घरच्यांनी घाई केलेली असते, आणि ती घाई प्रेमापोटीच केलेली असते, म्हणून ती चूक आहे हे सांगणंही जड जातं.

गप्प आहे म्हणजे रुळलं असं नाही

कोपऱ्यात बसलेलं ते कुत्रं गरीब नसतं, भेदरलेलं असतं. शेपूट पोटाखाली, झोप नसताना जांभया, सारखं ओठ चाटणं, नजर चुकवणं ही सगळी भीतीची लक्षणं. अशा वेळी दिवाणाखालून ओढून काढणं, मांडीवर दाबून धरणं, पहिल्याच संध्याकाळी मावशी-आत्याला बघायला बोलावणं, हे सगळं त्याच्यासाठी संकट असतं. एक खोकं आडवं ठेवा, त्यात जुनी चादर टाका आणि त्याला राहू द्या. तुम्ही त्याच खोलीत जमिनीवर बसून आपलं काम करा. ते आपण होऊन हुंगायला येईल, तेव्हाच हात पुढे करा, तोही डोक्यावरून नको, छातीजवळून.

आल्या आल्या आंघोळ घालायची घाई तर जवळजवळ प्रत्येक घरात होते. ओल्या फडक्याने पुसलं तरी चार दिवस भागतं.

मोठं कुत्रं पहिला दिवस जेवलं नाही तर थोडं थांबता येतं. तीन महिन्यांच्या आतलं इवलंसं पिल्लू मात्र उपाशी राहिलं की त्याची साखर झपाट्याने उतरते. ते लुळं पडलं, डगमगायला लागलं तर हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि लगेच दवाखाना गाठा.

गुरगुरण्यावर रागावू नका. "जवळ येऊ नको" हे सांगायला त्याच्याकडे तेवढंच आहे. ते दाबलं तर पुढच्या वेळी ते न सांगता चावेल. ताटलीजवळ गेल्यावर गुरगुरत असेल तर ताटली हिसकू नका, लांबूनच उकडलेल्या चिकनचा तुकडा टाका. माणूस जवळ आला की काहीतरी चांगलं मिळतं हे त्याला काही दिवसांत कळतं. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

उघडं राहिलेलं दार

माझ्याकडची एक पॉम मनीष नगरमध्ये अशीच सुटली. बेल वाजली, मी दार उघडलं आणि ती पायांमधून निघून गेली. मी हाका मारत मागे धावले. तीच चूक. घाबरलेल्या कुत्र्यामागे धावलं की ते आणखी लांब पळतं. शेवटी रात्री उशिरा, रस्ता शांत झाल्यावर मी फुटपाथवर पाठ करून बसले, शेजारी तिची चादर ठेवली, तेव्हा ती आली. तेव्हापासून नवीन कुत्रं आलं की दाराशी आडवी जाळी लावते आणि पहिल्या दिवसापासून मोबाईल नंबर असलेला पट्टा त्याच्या गळ्यात असतो. दोरी मात्र त्या पट्ट्याला नाही, छातीभोवती बांधायच्या हार्नेसला लावा. लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते, गळ्याला हिसके बसले की बदकासारखा खोकला सुरू होतो.

लस पूर्ण व्हायच्या आधीचं फिरणं

हे लिहिताना अजूनही त्रास होतो. दोन महिन्यांचं एक गावठी पिल्लू होतं, लसीचा एकच डोस झालेला. त्याला मोकळी हवा मिळावी म्हणून मी घरासमोरच्या मैदानात नेलं. आठवड्याभरात उलट्या, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो, पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार. तीन दिवस सलाईन चाललं. वाचलं नाही.

लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालतात. रेबीजची लस तीन महिन्यांना. सगळ्या लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर न्यायचं तर कडेवर, जमिनीवर ठेवायचं नाही. पार्व्होचा विषाणू मातीत, फरशीवर महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनाईलवर विसंबता येत नाही. फरशीला एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी लावून दहा मिनिटं तसंच राहू द्या. घरात गेल्या वर्षभरात पार्व्होचं पिल्लू होतं, तर लस न झालेलं दुसरं आणू नका.

आणायच्या आधीच पशुवैद्य ठरवून ठेवा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. त्याची वेळ आणि घराजवळच्या खाजगी डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवा.

आपला मे महिना

पंचेचाळीसच्या वर पारा गेला की बाहेरून आलेले पाहुणेसुद्धा आडवे होतात, इथे तर जमिनीपासून वीतभर उंचीचा जीव आहे. त्याचं पोट डांबराच्या अगदी जवळ असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद टेकवता येत नसेल तर त्याला नेऊ नका. पहाटे साडेपाच-सहा आणि रात्री नऊनंतर, एवढंच फिरणं.

पॉमचे केस कातडीपर्यंत भादरणं हा इथला दर उन्हाळ्याचा कार्यक्रम. ते दाट केस उन्हालाही अडवतात. विंचरून गळणारे केस काढा, भादरू नका. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धाप लवकर लागते, त्यांना दुपारी कूलरच्या खोलीतच ठेवा.

कूलर म्हटला की एक गोष्ट कळकळीने सांगते. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. कुत्रं ओल्या फरशीवर उभं राहून तोच लोखंडी पत्रा चाटतं. अर्थिंग तपासून घ्या, आणि त्याला टाकीतलं पाणी पिऊ देऊ नका.

जोरात धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, लटपटणं म्हणजे ऊन लागलं. साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि दवाखान्यात निघा. बर्फात बुडवू नका, ओला टॉवेल गुंडाळूनही ठेवू नका, आत उष्णता कोंडते.

पावसाळा आला की गोचीड. ताप, जेवण बंद, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर रक्त तपासून घ्या.

स्वयंपाकघर आणि औषधांचा डबा

दूध-पोळीने बऱ्याच कुत्र्यांना जुलाब होतात. सावजी रश्शातली पोळी तर नकोच, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याला विषारी आहे. शिजवलेली कोंबडीची हाडं फुटून आतड्यात टोचतात. मनुका, द्राक्षं, चॉकलेट चार किलोच्या जीवाला थोडंही जिवावर बेतायला पुरे होतं. आपली तापाची किंवा अंगदुखीची गोळी अर्धीसुद्धा देऊ नका.

घरात शू करतं

नाक घासणं, मारणं बंद. झोपून उठल्यावर, जेवल्यावर आणि पिल्लू असेल तर दर दोन तासांनी एकाच जागी न्या, झाल्या झाल्या खाऊ द्या. शिकलेलं कुत्रं अचानक घरात करायला लागलं तर रागावण्याआधी लघवी तपासा.

फोस्टर करणाऱ्यांसाठी

घरमालकाची परवानगी आधी घ्या. सोसायटीने "कुत्रा चालणार नाही" म्हटलं तर भारतीय जीव जंतु कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा, सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. दिवाळीत, आणि महाल-इतवारीत राहत असाल तर मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी, नवीन कुत्रं आणायचं टाळा.

पहिल्या विचारणाऱ्याला देऊन टाकू नका. घर बघा, घरातल्या सगळ्यांशी बोला, नसबंदीचं लिहून घ्या. देताना लसीचं कार्ड, आठवडाभराचं तेच खाणं आणि ज्या चादरीवर ते झोपायचं ती चादर सोबत पाठवा. न धुता.