घरी होडी बांधताय? खानदेशात या चुका टाळा

सुलवाड्याच्या बॅरेजमागे तापीचं पाणी अडलं आणि आमच्या शिंदखेडा पट्ट्यात मासेमारीची हौस वाढली. कोणी ट्यूबवर बसून जाळं टाकतं, कोणी थर्माकोलच्या ठोकळ्यांवर. त्यातलाच एखादा एक दिवस ठरवतो की आता आपली होडी हवी. मीही ठरवलं होतं. पहिली होडी दीड पावसाळा टिकली. दुसरी अजून पाण्यात आहे. पहिलीचं जे झालं ते ऐकून काठावरचे एक भोईबाबा एवढंच म्हणाले, "नाव पानीमा मरत नही भाऊ, उनमा मरस."

होडीबद्दल जे ऐकायला मिळतं ते बहुतेक कोकणातलं असतं. तिथे होडी सतत ओली, पाणी खारट आणि हवा दमट. आपली होडी वर्षातले कित्येक महिने अंगणात पडून असते आणि मे महिन्यात ४४-४५ अंशांत भाजून निघते. शिवाय आपलं पाणी गोडं. खारं पाणी लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला थोडं तरी रोखतं, गोडं पाणी मुळीच रोखत नाही. त्यामुळे इथल्या चुकाही वेगळ्या.

मे महिन्यात फळ्यांच्या फटी कडक पुट्टीने बुजवणं

सर्वात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो. फळ्या जोडून बांधलेली होडी उन्हाळाभर कोरडी राहिली की फळ्या आकसतात आणि सांध्यांतून पलीकडचा उजेड दिसायला लागतो. जून जवळ आला की माणूस घाबरतो आणि त्या फटींत एम-सील, नाहीतर चक्क सिमेंट भरतो. दिसायला काम पक्कं दिसतं. होडी पाण्यात उतरल्यावर मात्र फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि त्यांना फुगायला जागाच उरलेली नसते. मग फळीची कड चिरडते, खिळे वर येतात, एखादी फळी मधूनच फाटते. माझ्या पहिल्या होडीची तिसरी फळी अशीच गेली, आणि दोष मी लाकडाला देत बसलो होतो.

कोरड्या होडीला फटी असणारच. त्यात कापसाचा सैलसर पिळा बसवा. कापूस आपल्याकडे काही विकत आणायला नको. पिळा पटाशीच्या बोथट बाजूने हलक्या हाताने दाबा, ठासून भरू नका, आणि वरून मऊ राहणारं डांबर द्या. मग होडी काठालगत गुडघाभर पाण्यात न्या, आत थोडं पाणी घाला, दोन-चार दगड ठेवा आणि दोन-तीन दिवस तशीच राहू द्या. पहिल्या दिवशी ती चाळणीसारखी गळेल. तिसऱ्या दिवशीही जिथून पाणी येतंय तीच खरी गळती. दुरुस्ती फक्त तिथेच करा.

प्लायवूडच्या होडीला हा नियम लागू नाही. प्लाय असं फुगून सांधा बुजवत नाही, म्हणून तिथे पहिल्या दिवसाची गळतीही खरीच धरायची.

"वॉटरप्रूफ आहे, घेऊन जा"

दुकानदार असं म्हणाला की शीटवरचा शिक्का वाचा. मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक असतो. आयएस ३०३ चा एमआर दर्जाचा प्लाय कपाटासाठी असतो, तो ओल सोसतो पण पाण्यात राहायला केलेला नाही. शिक्क्यावरही विश्वास नसेल तर वीतभर तुकडा मागून आणा आणि चुलीवर तीन-चार तास उकळा. थर सुटले तर तो प्लाय होडीला नको. आणखी एक, प्लायची कापलेली कड उघडी ठेवू नका. पाणी पृष्ठभागातून नाही, कडेतून आत शिरतं. कडेला रेझिनचे (लावल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाचे) दोन-तीन हात द्यावे लागतात, कारण पहिला हात ती पिऊनच टाकते.

अखंड लाकडात साग उत्तम, फक्त तो तेलकट असतो. चिकटवण्याआधी सांधा अ‍ॅसिटोनने पुसा आणि लगेच गोंद लावा, नाहीतर सांधा पुढे सुटतो. वळणाच्या फासळ्यांना बाभळीची नैसर्गिक वाकलेली फांदी छान बसते. बैलगाड्यांना बाभूळ वापरणाऱ्या आपल्या लोकांना तिची ताकद सांगायला नको. स्वस्त मिळतं म्हणून आंब्याचं लाकूड बुडाला लावू नका, ओलीत ते फार लवकर कुजतं.

रेझिन, ऊन आणि घाई

टाक्या दुरुस्त करणाऱ्याकडून आणलेलं रेझिन बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं. त्यात हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं द्रव्य, थेंब-थेंब पडतो, एक-दोन टक्के. ते लाकडाला नीट धरत नाही आणि काही महिन्यांनी त्याने चिकटवलेल्या फायबरच्या कापडाचा पापुद्रा सालीसारखा निघून येतो. लाकडाला इपॉक्सी लागतं. त्याचे दोन डबे येतात आणि प्रमाण डब्यावर छापलेलं असतं. ते अंदाजाने नाही, वजनकाट्यावर मोजा. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर ते लवकर वाळत तर नाहीच, कायमचं चिकट राहतं.

मी पहिल्यांदा एप्रिलच्या भर दुपारी मोठ्या मगात एकदम पाऊण किलो कालवलं. दहा मिनिटांत मग हाताला धरवेना, वाफा निघाल्या आणि आत दगड झाला. तापमान दहा अंशांनी वाढलं की रेझिन हातात टिकायचा वेळ साधारण निम्मा होतो, आणि खोल भांड्यात ते स्वतःच्या उष्णतेनेच पेट घेतल्यासारखं वागतं. थोडं-थोडं कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता.

वेळ संध्याकाळची निवडा, तीही सावलीत. सकाळी लाकूड तापत असतं, त्यातली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थरावर फोड उठतात. उतरत्या उन्हात लाकूड गार होत असतं, ते उलट रेझिन आत ओढून घेतं. पावसाळ्यात थरावर मेणचट साय येते. ती साध्या पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा हात देऊ नका. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आपल्याकडे चांगल्या गारठतात, तेव्हा थर दोन दिवस चिकट राहिला तरी घाबरू नका, ऊन लागू द्या. माझ्या मते दिवाळी ते होळी हाच बांधणीचा हंगाम. हातमोजे मात्र प्रत्येक वेळी घाला. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जात नाही.

थर पूर्ण झाला की वर रंग हवाच. उघडं इपॉक्सी उन्हात काही महिन्यांत पांढरट, भुरभुरीत होतं. रंग फिका घ्या. काळ्या-निळ्या होडीवर मे महिन्यात हात टेकवत नाही, मग आतल्या सांध्यांचं काय होत असेल ते बघा.

अरुंद बूड

दिसायला देखणी, अडीच फुटी अरुंद होडी जाळं फेकायला उभं राहताच कलंडते. १२ फुटांच्या होडीला बूड सपाट आणि ३ फूट रुंद, वरचा काठ ४ फुटांच्या आसपास ठेवा. हिशेब सोपा आहे. बुडाचं क्षेत्रफळ ३० चौरस फूट धरलं तर होडी एक इंच खाली जायला साधारण ७० किलो वजन लागतं. दोन माणसं, जाळं, मासे आणि होडीचं स्वतःचं वजन मिळून २४० किलो झाले तर ती साडेतीन इंच बुडेल. पाण्यावर निदान फूटभर काठ उरला पाहिजे, त्यावरून बाजूच्या फळ्यांची उंची काढा.

होडी वल्हवताना सारखी फिरत असेल तर दोष बहुधा हाताचा नसतो. सपाट बुडाला मागच्या अर्ध्या भागात तीन इंच उंचीची उभी पट्टी मधोमध बसवा, ती सरळ चालेल. तरीही एकाच बाजूला जात असेल तर सांगाडा पिळलेला आहे. हे बांधतानाच कळतं. पुढून मागे मधोमध दोरी ताणा, दोन्ही कर्ण मोजा, आणि ते जुळल्याशिवाय एकही पक्का सांधा करू नका. बूड चिकटल्यावर पीळ काढता येत नाही.

खिळ्यांचं थोडक्यात. साधे लोखंडी खिळे साग आणि बाभळीत काळे डाग पाडतात आणि गंजून भोक मोठं करतात. गोड्या पाण्याला गॅल्व्हनाइज्ड चालतात, तांब्याचे किंवा स्टेनलेस मिळाले तर उत्तमच. आणि हो, बांधायला बसण्याआधी वाड्याचा दरवाजा मोजा. आमच्या ओळखीत एकाला तयार होडी बाहेर काढायला चौकट उखडावी लागली होती.

गळती सापडत नाही तेव्हा

पाण्यात बसून आत बघू नका. तिथे पाणी एकीकडून शिरतं आणि दिसतं भलतीकडेच. होडी विटांवर ठेवा, आत पाणी ओता आणि बाहेरून थेंब दिसेल तिथे खडूने खूण करा. पाणी एक-दोन इंचच घाला. त्या ३० चौरस फुटांवर चार इंच पाणी म्हणजे जवळपास २८० किलो, तेवढ्याने विटांवरचं बूडच वाकेल.

होडी ठेवताना पालथी, विटांवर, खालून वारा खेळेल अशी ठेवा. सुलटी ठेवलेल्या होडीत पावसाचं पाणी साचतं आणि आधी कोपरे कुजतात. ताडपत्री घट्ट गुंडाळली तरी आत घाम धरतो. उन्हाळ्यात ती झाडाखाली ठेवा आणि फळ्यांची असेल तर वर ओलं पोतं टाका.

बाकाखाली थर्माकोल भरायचा असेल तर ध्यानात ठेवा, पेट्रोल आणि पॉलिएस्टर रेझिन त्याला विरघळवतात, इपॉक्सी नाही. बंद कप्प्याला झाकणाचं भोक ठेवा, आत साचलेलं पाणी कळायला दुसरा मार्ग नसतो.

पाण्यात उतरण्याआधी तलावाचा ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे ते विचारून घ्या. पावसाळ्यात बॅरेजचे दरवाजे उघडतात तेव्हा त्या ओढीला वल्हं पुरत नाही, त्या दिवसांत होडी काठावरच बरी. पहिली चाचणी हिवाळ्यात, कमरेएवढ्या पाण्यात घ्या. होडी मुद्दाम काठोकाठ पाण्याने भरा आणि दोघे काठाला धरून लोंबकळा. तरीही ती तरंगत राहिली तर थर्माकोल पुरेसा आहे. खाली बसली तर आणखी दोन ठोकळे टाका आणि परत भरून बघा.